गोळी बंद करायची तारीख सगळे सांगतात, सुरू करायची कोण सांगणार?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार.

माझ्या सासूबाई 61 वर्षांच्या आहेत. लहानपणी त्यांना सांधे धरून ताप यायचा, त्यातून पुढे हृदयाची झडप खराब झाली. 12 वर्षांपूर्वी मुंबईत ऑपरेशन करून धातूची मायट्रल झडप बसवली. तेव्हापासून रक्त पातळ करायची ॲसिट्रॉमची गोळी चालू आहे. दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ती तपासणी करतो (आकडा जितका मोठा तितकं रक्त पातळ), तो 2.5 ते 3.5 मध्ये असतो.

आता त्यांची एक दाढ काढायची आहे. दातांचे डॉक्टर म्हणाले, ‘रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद करा आणि या.’ डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला आहे. शिवाय पित्ताशयात खडे आहेत, दोनदा पोटात दुखून ॲडमिट कराव्या लागल्या. सर्जन म्हणतात, दिवाळीनंतर दुर्बिणीतून ऑपरेशन करून टाकू. आमच्या भावकीतल्या एका काकांना हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून एपिक्साबॅन ही रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्यांनी हर्नियाच्या वेळी गोळी दोन दिवस बंद केली, काही इंजेक्शन वगैरे न घेता सगळं सुरळीत झालं. उलट शेजारच्या वहिनी म्हणतात, त्यांच्या भावाची गोळी अशीच बंद केली आणि त्याला लकवा झाला. कोणाचं ऐकू?

— एक सून, सातारा जिल्हा

ता. क. मामंजींना पाच महिन्यांपूर्वी ॲटॅक येऊन स्टेंट बसवली आहे. त्यांनाही हर्निया आहे. काकांचं ऐकून त्यांनी परवापासून क्लोपिडोग्रेल आपणहून बंद केली आहे, इकोस्प्रिन मात्र घेतात. चालेल ना?

उत्तर

ताई, तुमच्या ता. क.चं उत्तर आधी. चालणार नाही. हा अंक निघेपर्यंत थांबणं धोक्याचं होतं, म्हणून तुम्हाला त्याच दिवशी कळवलं की मामंजींच्या हृदयाच्या डॉक्टरांना लगेच फोन करा आणि गोळी कशी सुरू करायची ते विचारा. इथे पुन्हा लिहिते आहे, कारण ही चूक घरोघरी होते आणि ती करणारी माणसं सहसा बेफिकीर नसतात. ऑपरेशनची तयारी नीट व्हावी म्हणूनच ती गोळी बंद करतात.

स्टेंट म्हणजे औषध लावलेली धातूची बारीक जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर हळूहळू चढतं. ते पुरतं चढेपर्यंत रक्तातल्या प्लेटलेटना, म्हणजे गुठळी धरणाऱ्या बारीक कणांना, ती जाळी परकीच वाटते आणि त्या तिथे चिकटायला बघतात. त्यांना रोखायला दोन गोळ्या दिलेल्या असतात, इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल. मुदतीआधी एक काढून घेतली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन ती अचानक बंद पडू शकते. तो साधा ॲटॅक नसतो. त्यात माणूस दगावण्याचं प्रमाण फार मोठं आहे. ॲटॅकनंतर स्टेंट बसवली असेल तर तातडीची नसलेली ऑपरेशनं शक्यतो वर्षभर पुढे ढकलावीत, असं हृदयाचे डॉक्टर सांगतात. घाईचं कारण असेल तर ते धोका तोलून आधीची तारीख देतात, पण तो निर्णय त्यांचा. न दुखणारा, आडवं झालं की आत जाणारा हर्निया थांबू शकतो. वर्षभर पट्टा वापरायचा की नाही ते सर्जनला विचारा. जड उचलणं बंद आणि बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. मात्र फुगवटा कडक झाला, आत जाईना, दुखायला लागला, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं आणि गेल्या गेल्या सांगायचं की स्टेंट आहे, या या गोळ्या चालू आहेत. तसं तातडीचं ऑपरेशन करायची वेळ आली तरी इकोस्प्रिन बहुधा चालूच ठेवतात.

आता काकांबद्दल. काकांनी त्यांच्यापुरतं बरोबरच केलं. एपिक्साबॅनचा असर काही तासांत ओसरतो आणि गोळी पुन्हा घेतली की काही तासांत परत येतो. म्हणून किडनी ठीक असेल तर लहान-मध्यम ऑपरेशनला एक दिवस आधी आणि रक्तस्रावाचा धोका मोठा असेल तर दोन दिवस आधी ती बंद करतात. मधल्या काळात इंजेक्शन लागत नाही. पाठीत सुई घालून भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञ आणखी एखादा दिवस मागतात, कारण मणक्यातल्या अरुंद जागेत रक्त साचलं तर पाय लुळे पडू शकतात.

अनियमित ठोक्यांसाठी वॉरफरिन (ॲसिट्रॉमच्याच जातीची गोळी) घेणाऱ्यांबद्दलही 2015 साली एक महत्त्वाचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. 1884 रुग्णांपैकी निम्म्यांना गोळी बंद असतानाच्या दिवसांत पोटाच्या कातडीत हेपारिनच्या जातीची, रक्त पातळ करणारी इंजेक्शनं दिली, निम्म्यांना नुसतं पाणी भरलेली. गुठळ्यांचं प्रमाण जवळपास सारखंच राहिलं, 0.3 आणि 0.4 टक्के. मोठा रक्तस्राव मात्र इंजेक्शनवाल्यांत 3.2 टक्के आणि दुसऱ्या गटात 1.3 टक्के. तेव्हापासून अशा रुग्णांना सरसकट इंजेक्शनं देणं थांबलं आणि ते योग्यच झालं. पण ज्यांच्या छातीत धातूची झडप आहे, त्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. काकांची गोष्ट ऐकून सासूबाईंचं ठरवायचं नाही ते यासाठी.

सासूबाईंची झडप मायट्रल आहे, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली. तिथून रक्त कमी दाबाने, कमी वेगाने जातं. संथ पाण्यात शेवाळ लवकर धरतं तशी तिथे गुठळी लवकर धरते. महाधमनीच्या झडपेपेक्षा इथला धोका जास्त. झडपेची घडण कोणती यावरही तो बदलतो. आपल्याकडे पुष्कळांना तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली टीटीके-चित्रा झडप बसवलेली असते. ती 1990 पासून वापरात आहे. काहींना परदेशी बनावटीची दोन पाकळ्यांची असते. कुठली ते ऑपरेशनच्या वेळी मिळालेल्या कार्डावर लिहिलेलं असतं. ते कार्ड आधी शोधा, फोटो काढून घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ठेवा. आणि हो, ‘आयएनआर करायला नको अशी नवी गोळी आली आहे, तीच सुरू करू’ असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. धातूच्या झडपेवर तसा प्रयोग डाबिगाट्रान घेऊन झाला होता. गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले म्हणून तो अर्ध्यात थांबवला आणि 2013 मध्ये तसं जाहीर केलं. अशा झडपेला ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन, दुसरं काही नाही.

दाढेसाठी गोळी बंद करायची गरज बहुधा पडणारच नाही. एक-दोन दाढा साध्या पद्धतीने काढायच्या असतील आणि आयएनआर 4 च्या खाली असेल तर ॲसिट्रॉम चालू ठेवून दाढ काढता येते. दाढेच्या खड्ड्यातून येणारं रक्त दाबून, टाका घालून, विरघळणारा स्पंज भरून थांबवता येतं. झडपेवर धरलेली गुठळी तशी हाताने थांबवता येत नाही. दातांच्या डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले ते काळजीपोटी, पण तो हिशोब वॉरफरिनचा आहे. ॲसिट्रॉमचा असर दोन-तीन दिवसांतच उतरतो, म्हणजे पाच दिवसांत सासूबाई कित्येक दिवस गुठळीच्या धोक्याला पुरत्या उघड्या पडल्या असत्या. दातांच्या डॉक्टरांशी वाद घालू नका. हृदयाच्या डॉक्टरांकडून ‘गोळी चालू ठेवून दाढ काढावी’ अशी दोन ओळींची चिठ्ठी आणा आणि ती त्यांच्या हातात द्या. तरीही त्यांना धाडस वाटलं नाही, तर डेंटल कॉलेज जोडलेल्या हॉस्पिटलमध्ये जा, तिथे असे रुग्ण रोजचे असतात.

अपॉइंटमेंट सकाळची घ्या आणि आठवड्याच्या सुरुवातीची. शनिवारी संध्याकाळी दाढ काढली आणि रात्री रक्त सुरू झालं तर रविवारी कोणाचं दार वाजवणार? आदल्या दिवशी आयएनआर करा आणि रिपोर्ट सोबत न्या. दाढ काढायच्या अर्धा-एक तास आधी प्रतिजैविकाचा एक मोठा डोस घ्यावा लागतो, सहसा ॲमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं देतात. दाढ काढताना तोंडातले जंतू रक्तात शिरतात आणि ते कृत्रिम झडपेवर बसले तर झडप सडवणारा संसर्ग होतो. गोळीच्या चर्चेत हा डोस हमखास विसरला जातो, म्हणून तुम्हीच आठवण करा. दाढ काढल्यावर गॉजचा बोळा अर्धा तास न बोलता घट्ट चावून धरायचा. दर पाच मिनिटांनी काढून ‘थांबलं का’ बघायचं नाही, त्यानेच रक्त पुन्हा सुरू होतं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं रक्त थांबवणारं औषध तोंडात धरायला दिलं तर दोन दिवस सांगितल्याप्रमाणे धरायचं. थुंकायचं मात्र हळूच, जोरात गुळण्या नकोत. त्या दिवशी गरम चहा नको. पानपुडी, मिश्री काही असेल तर तीही नको.

चिठ्ठीवरच्या औषधांकडे नीट लक्ष द्या. दाढ काढल्यावर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक आणि डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची दुखण्याची गोळी लिहून देतात. या दोन्ही सासूबाईंना अडचणीच्या. मेट्रोनिडाझोल ॲसिट्रॉमचा असर वाढवतं, चार दिवसांत आयएनआर 3 वरून 6 वर जाऊ शकतो. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरडीतून रक्त सुरू झालं की दोष दाढेवर आणि दातांच्या डॉक्टरांवर जातो. दुखण्याच्या त्या गोळ्या पोटात जखम करतात आणि प्लेटलेटनाही अडवतात. दुखण्यावर पॅरासिटामॉल पुरतं. तोंड आलं म्हणून लावायचं मायकोनाझोलचं जेलसुद्धा आयएनआर वाढवतं, कोणाला वाटणारही नाही. मेडिकलमध्ये चिठ्ठी देताना ‘ॲसिट्रॉम चालू आहे, यातलं काही चालत नाही का?’ एवढं विचारा. प्रतिजैविक अगदी लागलंच तर तीन-चार दिवसांनी आयएनआर पुन्हा करा.

मोतीबिंदूचं काम सोपं आहे. डोळ्यात थेंब टाकून भूल देतात आणि बारीक छेदातून ऑपरेशन करतात, त्यासाठी ॲसिट्रॉम बंद करत नाहीत. आयएनआर ठरलेल्या मर्यादेत आहे एवढं पाहतात. डोळ्याच्या मागे सुई घालून भूल द्यायची असेल तर हिशोब थोडा बदलतो, तेवढं आधी विचारून घ्या.

खरा विचार करायचा तो पित्ताशयासाठी. दोनदा ॲडमिट झाल्या म्हणजे ते टाळत राहणंही बरं नाही. भर तापात, पित्ताशय सुजलेलं असताना रात्री ऑपरेशन करायची पाळी आली, तर आयएनआर घाईने उतरवावा लागेल आणि ते झडपेला महागात पडतं. म्हणून सर्जनचं म्हणणं मला पटतं, ठरवूनच करा. पण जिथे हृदयाचे डॉक्टर, अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढी हाताशी आहे अशा ठिकाणी. गावातलं हॉस्पिटल जवळ आहे, ओळखीचं आहे, हे सगळं खरं, पण इथे नको.

वेळापत्रक साधारण असं असतं. ॲसिट्रॉम दोन-तीन दिवस आधी बंद. आयएनआर खाली आला की बऱ्याच डॉक्टरांच्या मते अशा मायट्रल झडपेला एनॉक्सापॅरिनची (हेपारिनच्याच जातीची) इंजेक्शनं द्यावीत, सहसा दिवसातून दोनदा. डोस वजनावर ठरतो आणि त्याआधी किडनीची तपासणी, म्हणजे क्रिॲटिनिन, बघतात. शेवटचं इंजेक्शन ऑपरेशनच्या 24 तास आधी. आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी आयएनआर 1.5 च्या आसपास किंवा खाली हवा. तो उतरला नाही तर काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. व्हिटॅमिन के ॲसिट्रॉमचा असर उतरवतं, पण घरी त्याची गोळी आणून देऊ नका. जास्त डोस पोटात गेला तर नंतर ॲसिट्रॉम कित्येक दिवस दाद देत नाही. कोणत्या रुग्णाला इंजेक्शनं द्यायची आणि कोणाला नाही, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. पूर्वी लकवा झाला होता का, ठोके अनियमित आहेत का, हृदयाचं पंपिंग किती आहे, झडप कुठली, हे सगळं त्यात येतं. या प्रश्नांची उत्तरं ज्यांच्याजवळ आहेत ते मुंबईचे डॉक्टर. त्यांचा होकार आणि वेळापत्रक दोन्ही लेखी घ्या. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी तेच पान बघितलेलं असलं पाहिजे.

आता ज्यासाठी हे उत्तर इतकं लांबलं, ते. माझ्या ओपीडीत धातूची झडप असलेल्या एक बाई धाप लागते म्हणून आल्या होत्या. काही आठवड्यांपूर्वी त्यांचं एका हॉस्पिटलमध्ये छोटंसं ऑपरेशन झालं होतं. टाके छान भरले होते. फाईल उघडली तर डिस्चार्ज कार्डावर प्रतिजैविक, ॲसिडिटीची गोळी, कॅल्शियम, सगळं टापटीप लिहिलेलं होतं. ॲसिट्रॉमचं नावच नव्हतं. बंद करायला सर्वांनी सांगितलं होतं. सुरू करायला कोणीच सांगितलं नव्हतं. सर्जनला वाटलं हृदयाचे डॉक्टर सांगतील, हृदयाच्या डॉक्टरांना ऑपरेशन झाल्याचंच ठाऊक नव्हतं, आणि मुलाने कार्डावर जे लिहिलंय तेवढं इमानेइतबारे दिलं. झडपेवर गुठळी धरली होती. वेळेवर आल्या म्हणून वाचल्या. तेव्हापासून माझ्याकडे ऑपरेशनआधी येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या माणसांना मी एकच गोष्ट बजावते: गोळी सुरू करायची तारीख हातात आल्याशिवाय गोळी बंद करायची नाही.

म्हणून आजच एक कोरं पान घ्या. वर सासूबाईंचं नाव, झडप कुठली, ॲसिट्रॉमचा डोस, शेवटचा आयएनआर. खाली तारखा: शेवटची ॲसिट्रॉम कोणत्या रात्री, पहिलं इंजेक्शन कधी, शेवटचं किती वाजता, ऑपरेशन कधी, ॲसिट्रॉम पुन्हा कोणत्या रात्री आणि किती मिलिग्रॅम, इंजेक्शन पुन्हा कधीपासून आणि कधीपर्यंत, पहिला आयएनआर कधी. तारीख लिहा, ‘दोन दिवसांनी’ असं नको. दोन दिवस कशापासून मोजायचे यावरच घोळ होतो. ॲसिट्रॉम 1, 2, 3, 4 मिलिग्रॅममध्ये मिळते आणि अर्धीही करून घेतात, म्हणून नुसतं ‘एक गोळी’ लिहू नका. खाली डॉक्टरांची सही आणि फोन नंबर.

रक्त नीट थांबलेलं असेल तर ॲसिट्रॉम ऑपरेशनच्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी नेहमीच्या डोसने सुरू करतात. तिचा असर चढायला काही दिवस लागतात, म्हणून तेवढे दिवस इंजेक्शनं सोबत चालतात आणि आयएनआर परत जागेवर आल्यावरच थांबतात. मोठ्या डोसची इंजेक्शनं मात्र लगेच सुरू करत नाहीत, दोन-तीन दिवस थांबतात, कारण ओल्या जखमेत रक्त साचतं. डिस्चार्जच्या दिवशी बिल भरायच्या आधी कार्ड वाचा. ॲसिट्रॉम लिहिलेली नसेल तर तिथून हलू नका.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात आयएनआर दोनदा तरी करा. पेजेवर आणि मऊ भातावर दिवस काढले, मेथी-पालक-कोथिंबीर आणि तिच्यातलं व्हिटॅमिन के पोटात गेलंच नाही, वर प्रतिजैविकं चालू, की जुन्याच डोसवर आयएनआर उसळी मारतो. पालेभाजी बंद करायची नसते, नेहमीइतकीच ठेवायची असते. अंगात ताकद यावी म्हणून कोणी काढा, चूर्ण, लसणाच्या कॅप्सूल आणून दिल्या तर बाजूला ठेवा.

लक्ष कशावर ठेवायचं? शौच डांबरासारखं काळं, लघवी लाल, पोट फुगून दुखतंय, चक्कर येऊन घाम सुटतोय, तर रक्तस्राव. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, अचानक धाप लागली, तर गुठळी. दोन्हींत घरी वाट बघायची नाही. आणखी एक खूण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळेल. धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज शांत खोलीत शेजारी बसलं की ऐकू येतो. बारा वर्षांत तुमच्या घराला त्याची सवय झाली असेल. तो आवाज दबका झाला, बसल्यासारखा वाटला, तर सासूबाईंना काही त्रास नसला तरी त्याच दिवशी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला न्या.

मुंबईच्या डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या, दिवाळीची वाट पाहू नका. त्यांचं वेळापत्रक हातात आलं आणि त्यातलं काही कळलं नाही, तर मला पुन्हा लिहा. तारखांच्या पानाचा फोटो सोबत जोडा.